तीन रंगांचं सरबत

मे महिना लागला की रत्नागिरीतल्या आमच्या बिल्डिंगचा जिना बदलतो. एरवी तिथे फिनाईलचा आणि चपलांचा वास असतो. आता मात्र प्रत्येक मजल्यावर कुणाच्या तरी दाराशी आंब्याची पेटी उतरलेली असते, आणि वर पोचेपर्यंत कुणाचा आंबा तयार झाला, कुणाचा अजून दोन दिवस घेईल, हे न विचारता कळतं. काल ऑफिसातून येताना मी दुसऱ्या मजल्यावर थांबले. दोन्ही हातांत पिशव्या होत्या, पाय दुखत होते, तरी थांबले. शेजारीणबाईंनी दार उघडून विचारलं, "काही हवंय का?" मी नको म्हटलं. वास घेतेय, असं कुणाला सांगणार?

तीन वर्षांपूर्वीपर्यंत मी अशी कधी थांबत नसे. वास काय, येतच असतो.

त्या वर्षी मे महिन्यात पंधरा दिवसांची रजा टाकून मी आईकडे गेले होते. आमचं गाव पालीपासून आत, एसटी जिथे वळसा घेऊन परत फिरते तिथे. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटी राहते. सगळी नोकरी तिने जिल्हा परिषदेच्या शाळेत केली, म्हणून सगळी वाडी तिला 'बाई' म्हणते. पण वाडीत तिचा खरा मान होता तो तिच्या नाकाचा. आमच्याकडे भाताच्या पेंढ्यावर आंब्यांचे थर लावून आढी घालतात, आणि आढीतला कुठला आंबा कधी काढायचा यावर घराघरांत वाद होतात. ते वाद आईकडे यायचे. बायका पदरात दोन आंबे घेऊन ओटीवर उभ्या राहायच्या. आई देठाकडची बाजू नाकाशी धरायची, डोळे मिटायची आणि सांगायची, "हा उद्या सकाळी." "हा आज दुपारीच संपवा." "हा आतून गेला, कापू नका." तिचं कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

मी पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. ओटीवर चपला काढल्या, आत पाऊल टाकलं, आणि आंबूस, कुजकट वास एकदम अंगावर आला. माजघरात आमची आढी एका कोपऱ्यात बसली होती. पेंढा काळा पडला होता, त्यातून रस गळून कोब्यावर ओघळ आला होता, वर चिलटांचा ढग. आणि त्याच्यापासून चार हातांवर आई पाय पसरून फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती.

"आई, आढी सडलीय की गो!"

"कुठे?" तिने मान वळवली. मग उठून पाहिलं. तिचा चेहरा क्षणभर शाळेत चोरी सापडलेल्या मुलासारखा झाला. "सर्दी झालीय," ती म्हणाली. "चिलटं दिसली होती मला. म्हटलं, फणसाला आली असतील."

सर्दी नव्हती. तिचा आवाज मोकळा होता.

सडका पेंढा आम्ही दोघींनी परसात नेऊन टाकला. मी पदर नाकाला लावून काम करत होते, ती तशीच, उघड्या नाकाने, दोन्ही हातांनी तो चिकचिकाट उचलत होती. ते बघवेना. मी विचारलं, "कधीपासून?"

"पौषात ताप आला होता बघ. तेव्हापासून."

"पाच महिने? डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवलं ना. रत्नागिरीला जाऊन आले."

"रत्नागिरीला आलीस आणि माझ्याकडे आली नाहीस?"

"तुझ्याकडे आले असते तर तुला सांगावं लागलं असतं," आई म्हणाली आणि हात धुवायला विहिरीकडे गेली.

डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की वास परत येईल, सहा महिन्यांत, वर्षात, कदाचित येणारही नाही. जिभेला फक्त गोड, आंबट, खारट, कडू असं कळतं, बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते सगळं नाकाचं काम. हे सांगताना ती धडा शिकवावा तशी सांगत होती. पण ती वाळली होती. ब्लाउजच्या बाह्या दंडावर सैल झाल्या होत्या. जेवायला बसली की ताटाकडे बघून बघून खायची, जणू वरण कुठलं आणि आमटी कुठली हे डोळ्यांनी ठरवायचं होतं.

मी एक चूक केली. माझा धाकटा भाऊ मिलिंद मुंबईला असतो. त्याला मी फोनवर सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "ताई, उद्या गॅस उघडा राहिला तर तिला कळणार कसा? बुद्धपौर्णिमेला येतो मी. येताना तिला इकडेच घेऊन येतो." तो रागावला नव्हता, घाबरला होता, आणि त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. फोन स्पीकरवर होता. आई दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "त्याच्या खिडकीतून समोरची खिडकी दिसते," आणि तांदूळ निवडायला बसली.

त्या दिवसांतली माझ्या मनाला सगळ्यात लागलेली गोष्ट आंब्याची आहे. चांगल्या उरलेल्या आंब्यांतला एक मी कापून तिच्यापुढे ठेवला. वास असा सुटला होता की माझ्या तोंडाला पाणी आलं. आईने एक फोड खाल्ली आणि ताटली माझ्याकडे सरकवली. "मऊ लागतो," ती म्हणाली. "गोड आणि मऊ. उकडलेल्या रताळ्यासारखा." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सगळं गेलं तरी चाललं असतं, आंबा राहायला हवा होता."

दुसऱ्या दिवशी परसातल्या काजूला शेवटचे दोन-चार बोंडू लटकलेले दिसले. एक तिने तोडून चावला. बोंडूचा रस घशाला धरतो, तसा धरला. तिला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि खोकता खोकता ती हसायला लागली.

"हे कळतं गो! हे कळतंय मला!"

मग आम्हाला एक उद्योगच मिळाला. तिला काय काय कळतं ते शोधायचं. अननसाचा डंख कळत होता. आल्याचा चटका कळत होता. करवंदाचा आंबटपणा, मिरीची धग, ताडगोळ्याचा गारवा आणि दाताखाली सुटणारं त्याचं पाणी. पाणीदार, पांढरे जांब चावताना होणारा करकरीत आवाज तिला इतका आवडला की तिने सकाळीच पाच-सहा जांब संपवले. सब्जा जिभेवर घरंगळतो, म्हणून सब्जा. जी फळं तिला काहीच सांगत नव्हती, पपई, केळं, चिकू, ती तिने बाजूला ठेवली, रागावल्यासारखी.

आमच्या विहारात वैशाखी पौर्णिमेला सकाळी वंदना होते, मग खीर, मग सरबत. खीर दरवर्षी वेगळं घर करतं. सरबत मात्र मी कॉलेजात होते तेव्हापासून आईचं. पौर्णिमा आठ दिवसांवर आली तशी शेजारच्या शेवंताकाकी ओटीवर येऊन बसल्या. वयाने आईएवढ्याच, पण आईला 'तुम्ही' म्हणणाऱ्या.

"बाई, यंदा सरबत किती माणसांचा करायचा? मुंबयवाले बरेच येतत."

"यंदा दुसऱ्या कुणाला सांग, शेवंता."

"दुसरा कोण हाय? तुमच्यावाचून कोणी केलंन कधी?"

आई उठून आत गेली. काकी माझ्याकडे बघून, काही न उमजून निघून गेल्या. मी आईला विचारलं तर म्हणाली, "ज्या बाईला स्वतःच्या घरातली सडकी आढी कळली नाही, तिने ऐंशी माणसांना प्यायला द्यायचं?"

तिचं मन रमावं म्हणून मी मोबाईलवर तिला जुने फोटो दाखवत बसले. त्यात आमच्या ऑफिसातल्या एका मुलीच्या लग्नातला फोटो निघाला. उंच काचेच्या ग्लासात खाली लाल, मध्ये पिवळं, वर जांभळं असं पेय. "हे फळांचं कॉकटेल," मी म्हटलं, "दारू नसते यात." आईने फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि मुलाची वही तपासावी तशी बघत राहिली.

"हे एकमेकांत मिसळत कसं नाही?"

"काय माहीत."

"रंग तर मला दिसतो," ती म्हणाली. एवढंच म्हणून उठली आणि फडताळातून काचेचा ग्लास काढून आणला.

पहिला प्रयत्न फसला. कोकमाचं सरबत, आमरस, करवंदाचा रस, सगळं एकावर एक ओतलं आणि भिंत रंगवून झाल्यावर ब्रश धुतलेल्या पाण्यासारखा रंग आला. दुसराही तसाच. तिसऱ्या वेळी आई थांबली. "अगो," म्हणाली, "मी पोरांना अंडं तरंगवून दाखवायचे. साध्या पाण्यात बुडतं, मिठाच्या पाण्यात वर येतं. ज्यात जास्त विरघळलंय ते जड. साखर ज्यात जास्त ते खाली जायला हवं!" साठी उलटलेली माझी आई त्या क्षणी चौथीच्या वर्गात उभी होती.

मग तळाला साखरेत मुरलेलं दाट कोकम, लालभडक. त्यावर ग्लास भरून बर्फाचा चुरा. त्यावर अननसाच्या रसात पातळ केलेला आमरस, वरून साखर अजिबात नाही, चमच्याच्या पाठीवरून, धार केसासारखी बारीक ठेवून. आणि सगळ्यात वर शहाळ्याच्या पाण्यात हलकासा कालवलेला करवंदाचा रस. आईचा हात जराही हलत नव्हता. तिन्ही रंग वेगळे उभे राहिले. सीमेवर जिथे लाल आणि पिवळा भेटत होते, तिथे विटकरी रंगाची एक बारीक रेघ उठली होती. कडेला तिने जांबाची चकती अडकवली, वर ताडगोळ्याचे तुकडे सोडले, मीठ-मिरीची चिमूट टाकली. ग्लास खिडकीत उन्हात ठेवला आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो.

चव बघायचं काम माझ्याकडे होतं. आई म्हणाली, "गोड-आंबट-खारट मला कळतं, ते नको सांगू. आंबा कुठे आहे तेवढं सांग."

मी घोट घेतला. काय सांगायचं? इतकी वर्षं आंबा खाल्ला, पण आंबा कुठे आहे हे मला कुणी विचारलं नव्हतं. "मागून येतो," मी म्हटलं. "गिळल्यावर. नाकातून वर येतो."

"मग पुढून काय येतं?"

"अननस. तो आधी येतो आणि लवकर जातो. मग कोकम. आंबा राहतो."

"राहतो ना?" तिने परत विचारलं.

"राहतो."

तिने मान हलवली. मग स्वतः एक घोट घेतला, डोळे उघडे ठेवून, ग्लासातले रंग बघत. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी तिने एक अख्खा ग्लास काहीतरी आवडीने संपवला.

संध्याकाळी तिने शेवंताकाकींना निरोप धाडला, सरबत करते, पण वेगळं. काकी धावत आल्या. नाव ऐकून त्यांच्या कपाळाला आठ्या. "कॉकटेल म्हणजे दारू ना गो? आणि विहारात? वंदनेत दारू न पिण्याचं पाचवं शील घेऊन बाहेर यायचं नि हातात हे?"

"शेवंता, फळांचा रस आहे. नाव तुला हवं ते ठेव."

"मग सरबतच म्हणूया," काकी म्हणाल्या. "तीन रंगाचा सरबत."

रंग दिसायचे तर स्टीलचे पेले चालणार नव्हते. वाडीतल्या घराघरांतून काचेचे ग्लास गोळा झाले. फुलाफुलांचे, चहापुडीबरोबर फुकट मिळालेले, एका घरातले लग्नात आलेले आणि कधीच न वापरलेले. चाळीसेक जमले. दोन पंगतींत भागणार होतं.

पौर्णिमेच्या सकाळी मिलिंद आला. आईच्या पाया पडला आणि तिच्या मुंबईच्या तिकिटाचं काही न बोलता विहारावर झेंडे लावायला गेला. मी रिक्षाने पालीला बर्फ आणायला गेले. परत आले तेव्हा विहारामागच्या सावलीत आई आणि शेवंताकाकी दोघीच होत्या. मध्ये कोकमाची मोठी बरणी. काकी बरणीवर वाकल्या होत्या.

"बाई, ह्याला वास मारतोय."

"कसला?" आईने विचारलं.

काकींनी आवाज खाली आणला. "दारूचा."

मी बर्फाचं पोतं खाली ठेवून बरणीजवळ गेले. कोकम फसफसलं होतं. कधीतरी ओला डाव बुडाला असणार. चार दिवसांपूर्वी मी चाखलं तेव्हा ठीक होतं. सकाळच्या घाईत पुन्हा बघायचं मला सुचलं नव्हतं. आतून वंदनेचा सूर येत होता.

आईने बोट बुडवून जिभेला लावलं. "सकाळी चाखलं मी," ती सावकाश म्हणाली. "जिभेला टोचलं. मला बरं वाटलं. म्हटलं, आज काहीतरी लागतंय." मग तिने मान वर केली. "शेवंता, मला वास येत नाही. पौषापासून. काहीच येत नाही."

काकी तिच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता संपलं. आत भाऊ होता, त्याला कळेल, आई मुंबईला जाईल.

"पौषापासून?" काकी म्हणाल्या. "मग गेल्या आठवड्यात माझा आंबा बघून, उद्या काढ, म्हणालात तो?"

"बोटाने दाबून बघितलं. अंदाजाने सांगितलं."

"बरोबर निघाला की!"

दोघी हसल्या. आधी काकी, मग आई, आणि हसता हसता आईचं रडणं कधी सुरू झालं ते मला कळलं नाही. काकींनी तिच्या पाठीवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला. मग बरणी उचलून माडाच्या मुळाशी रिकामी केली, पदर खोचला आणि वाडीत गेल्या. वंदना संपायच्या आत चार घरांतलं साखरकोकम घेऊन आल्या. प्रत्येक बाटलीचं बूच उघडून हुंगलं. एक परत पाठवली. तीन ठेवल्या.

"मी हुंगते," त्या म्हणाल्या, "तुम्ही ओता."

माणसं बाहेर आली तेव्हा टेबलावर ग्लास लागत होते. आई चमच्याच्या पाठीवरून पिवळी धार सोडत होती आणि समोर गोंधळ करत आलेली माणसं आपोआप हळू बोलायला लागली होती. धार तुटू नये म्हणून असेल. म्हाताऱ्यांनी ग्लास उन्हात धरून पाहिले. कुणी म्हणालं, "बाई, पिऊ की नुसतं बघू?" शेवंताकाकींनी मात्र पहिला घोट घ्यायच्या आधी बोटानेच सगळं ढवळून टाकलं आणि गढूळ झालेलं सरबत एका दमात संपवलं.

मिलिंद सगळ्यात शेवटी आला. बरणीचं प्रकरण एव्हाना त्याच्या कानावर गेलं होतं. आईने त्याचा ग्लास सावकाश भरला. तो उभ्या उभ्या प्यायला, शेवटचा ताडगोळा चावून खाल्ला. मग म्हणाला, "आई, गॅस काढून टाकूया घरातून. विजेची शेगडी आणून देतो. चालवशील ना?"

"तुझ्या वडलांचा विहिरीवरचा पंप मीच चालवायचे," आई म्हणाली.

तो एकटाच परत गेला.

राहिलेल्या रजेत वाडीतल्या बायका येतच होत्या. पदरात आंबे असायचेच, पण आता त्या विचारायला येत नव्हत्या. "बाई, आमच्या आढीला आज वास सुटला. मधासारखा हाय." "बाई, आमचा रायवळ जरा उग्र हाय, राळेसारखा." वासाला इतके शब्द आमच्या वाडीत आहेत हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटतं, त्यांनाही नव्हतं. आई ऐकून घ्यायची, मध्येच विचारायची, "राळेसारखा म्हणजे देठाजवळ की सालीला?" मग त्या बाईला परत हुंगावं लागायचं. मीही शिकले. जिन्यात थांबण्याची सवय मला तिथली लागली.

त्यानंतरच्या पौर्णिमांनाही तीन रंगांचं सरबत झालं. कोकम काकी हुंगतात. आई बारीक धार सोडते. तिच्या अंगावर पुन्हा थोडं मांस चढलंय. वासाबद्दल ती बोलायची थांबली होती, आणि आम्हीही विचारायचं सोडलं होतं. काही गोष्टी नसण्याची घराला सवय होते.

गेल्या रविवारी मी तिला घेऊन लांज्याला मावशीकडे गेले होते. परतताना स्टँडवर उन्हात उभ्या होतो. समोरच्या जुन्या गाडीच्या ड्रायव्हरने इंजिन चालू केलं आणि मागून काळ्या धुराचा लोट आमच्या अंगावर आला. मी ओढणी तोंडावर घेतली आणि आईचा दंड धरून बाजूला ओढलं. ती हलेना.

"सुजा," ती म्हणाली, "हे काय आहे?"

"काय?"

"हे. जळकट. तेलकट."

मी ओढणी खाली केली. तिच्याकडे बघितलं. "डिझेल," मी म्हटलं.

"डिझेल," ती म्हणाली. धुरात उभी राहून, डोळे मिटून, पुन्हा एकदा म्हणाली, "डिझेल."

"आजी, मागे व्हा, गाडी मागे येतेय," कंडक्टर ओरडला. ती दोन पावलं मागे झाली, दोनच.

"आई, आपली गाडी लागली. चल, जागा मिळेल."

"जाऊ दे," ती म्हणाली. "पुढची आहे ना?"

आम्ही दोन गाड्या सोडल्या.